सरांच्या नंबराला वारस

म्हसे साहेबांचा फोन आला तेव्हा मी खिचडीचा फोटो काढत होते. पोषण आहाराच्या खिचडीचा फोटो काढणं वाटतं तेवढं सोपं नाही. पातेलं दिसलं पाहिजे, मुलं दिसली पाहिजेत, मुलांनी हात धुतलेत हे दिसलं पाहिजे, आणि वर तारीख न् गावाचं नाव उमटलं पाहिजे. तोवर खिचडी गार होते आणि मुलं माझ्याकडे वैऱ्यासारखी बघायला लागतात.

"दर्शना मॅडम, तुमचं नाव दिलंय," साहेब म्हणाले.

म्हसे साहेब आमचे केंद्रप्रमुख. कशेळ्याच्या आसपासच्या, वरच्या वाड्यांवरच्या पंधरा-सोळा शाळा त्यांच्याकडे. त्यांनी 'नाव दिलंय' म्हटलं की कुठे आणि कशाला हे विचारायचं नसतं. मी विचारलं.

"शिक्षकांसाठी तंत्रज्ञान कौशल्याचा अभ्यासक्रम करायचाय. आपल्या केंद्रापुरताच. दर महिन्याच्या शिक्षण परिषदेत एक तास, असे सहा तास. उद्दिष्टं, निष्पत्ती, मूल्यमापन, सगळं तक्त्यात बसवा. तुम्हाला येतं ते."

मला येतं, कारण मला ते कुणी शिकवलं नाही. माझं सगळं शिक्षण चुकीची बटणं दाबून झालेलं. नवऱ्याच्या कंपनीनं टाकून दिलेला एक लॅपटॉप आमच्या खालापूरच्या घरी आला, तो मी इतक्या वेळा बंद पाडला की शेवटी तोच मला घाबरून नीट चालायला लागला.

"पहिल्या तासाला एआय घ्या," साहेब म्हणाले. "वरनं विचारतात."

"साहेब, आपले भोईर गुरुजी अजून व्हिडिओ कॉल आला की फोन कानाला लावतात. समोरच्याला नुसता कान दिसतो."

साहेबांनी थोडा विचार केला. "मग दुसऱ्या तासाला घ्या."

दिवाळीची सुट्टी संपून शाळा नुकत्याच सुरू झाल्या होत्या. शेतात भाताच्या झोडण्या चालल्या होत्या. मी खालापूरहून स्कूटीवर निघायचे, चौकवरून कर्जत, कर्जतहून कशेळं, तिथून वर माझी वाडी. सगळ्या रस्ताभर डोक्यात तक्ता. रकाने भरभर सुचायचे, पण त्यांत घालायला माणसं सुचेनात. म्हटलं, आधी ज्यांना शिकवायचं त्यांनाच विचारू. परिषदेला जेवणाच्या सुट्टीत डबे उघडले, वालाचं बिरडं इकडून तिकडे गेलं, आणि मी विषय काढला.

"फोटो लहान करायला शिकव," भोईर गुरुजी लगेच म्हणाले. चांगो भोईर गुरुजी आमच्यातले सगळ्यात वयस्कर. निवृत्तीला आले तरी वाडीवर चालत चढणारे. "मी पाठवला की साइज मोठी म्हणून परत येतो. आता पोरंच एवढी आहेत, त्याला मी काय करू?"

"मला पीडीएफवर सही," कळंबच्या बाजूची समीक्षा म्हणाली. ही आमच्यात सगळ्यात तरुण, हुशार, आणि हुशारी लपवायची कला अजून न आलेली.

मागून कुणीतरी म्हणालं, "ग्रुपमधनं कुणाला न कळता बाहेर कसं पडायचं ते शिकवा." ह्यावर सगळ्यात जास्त एकमत झालं.

हसणं ओसरल्यावर मी विचारलं, "बरं, अडलं की आता काय करता?"

एकानं भाकरीचा तुकडा मोडता मोडता सांगितलं, "वहिनींना फोन." दुसरीही तेच म्हणाली. मग सगळेच. कुणाला त्यात वेगळं काही वाटलं नाही. मलाही वाटलं नसतं, कारण मीही तेच करते. पण समोर तक्ता होता आणि मला पहिल्यांदाच ते लिहून बघावं लागलं.

वहिनी म्हणजे उज्वला वहिनी. मिलिंद सोनावळे सरांच्या पत्नी.

सर होते तेव्हाची गोष्ट अशी, की पहिल्यांदा सगळं ऑनलाइन आलं तेव्हा वाड्यांवर रेंज नव्हती. पोर्टल उघडायचं म्हणजे मोबाईलवर ओटीपी यायला हवा, आणि ओटीपी यायचा तो डोंगर उतरून खाली आल्यावर, म्हणजे त्याची मुदत संपल्यावर. सरांचं घर कशेळ्यात, बाजाराच्या मागे. तिथे रेंज ठणठणीत. सर म्हणाले, "माझाच नंबर टाका सगळ्यांनी. मी बसतो भरत." आणि ते बसले. रात्रीचं जेवण झालं की सगळ्या केंद्राची माहिती सर भरायचे. सगळ्या शाळांच्या लॉगिनला एकच नंबर, मिलिंद सरांचा. ह्यात वावगं काही आहे असं तेव्हा कुणाला वाटलं नाही. सरांसारखा भरवशाचा माणूस होता, तर मग आणखी काय हवं?

मग सर गेले. दोन वर्षं होत आली. छातीत दुखतंय म्हणाले, आणि कर्जतला पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला आणि दोनच दिवसांत महिनाअखेरीची माहिती भरायची वेळ आली. कुणीतरी धीर करून सरांच्या नंबरावर फोन लावला. तो वहिनींनी उचलला. "थांबा हं," म्हणाल्या, चष्मा शोधला, आणि आकडे वाचून दाखवले. त्या दिवसापासून हेच चाललं. वाड्यांवर टॉवर आले, प्रत्येकाच्या हातात फोन आले, माहिती ज्याची त्यानं भरायला सुरुवात केली, पण दाराची कडी काढायला आम्ही वहिनींनाच बोलावत राहिलो.

मी समीक्षाला बाजूला घेऊन हे सांगितलं. नंबर अजून सरांच्याच नावावर आहे हे तिला ठाऊक नव्हतं. ती घाबरलीच.

"ताई, हे किती धोक्याचं आहे! सिम सरांच्या नावावर. कंपनीनं उद्या तपासणी केली न् बंद केलं तर? सगळ्या शाळांना कुलूप, आणि किल्ली विहिरीत. पहिला तास हाच पाहिजे. प्रत्येकानं आपापला नंबर टाकायचा."

"टाकायचा. पण नंबर बदलायला आधी जुन्या नंबरावर ओटीपी येतो."

"मग? वहिनी देतील की. सांगून टाका त्यांना."

तरुण माणसाला सांगून टाकणं सोपं वाटतं. भोईर गुरुजी मागेच उभे होते. गुरुजींना फोनमधलं कमी ऐकू येतं, पण पाठीमागचं सगळं ऐकू येतं.

"दर्शना," ते म्हणाले, "त्या माउलीचा फोन बंद पाडायचा अभ्यासक्रम करतेस होय गं?"

मी रविवारी कशेळ्याला गेले. बाजाराच्या मागची गल्ली, अंगणात वाळत घातलेल्या मिरच्या, ओटीवर बुद्धाची तसबीर, तिच्याशेजारी बाबासाहेबांची, आणि थोडी खाली सरांची. सरांच्या फोटोला हार नव्हता. वहिनींना तो आवडत नाही. "हार घातला की मानूस लांब जातो," म्हणतात.

"ये गं दर्शना. जय भीम. आज सुट्टीची कशी काय वाट चुकलीस?"

वहिनींच्या गळ्यात कापडाची पिशवी, तिच्यात सरांचा फोन. पिशवी त्यांनीच शिवलेली, सरांच्या जुन्या शर्टाच्या कापडाची, खिशासकट. मुलगा कपिल पुण्याला नोकरीला, त्यानं नवा फोन आणून दिलाय, तो कपाटात. गळ्यात हाच. विहिरीवर हाच, लग्नाकार्यात हाच. एकदा बुद्ध पौर्णिमेच्या कार्यक्रमात ऐन वंदनेला वाजला होता, तेव्हा वहिनी उठून बाहेर गेल्या आणि आकडे सांगून परत येऊन बसल्या.

मी पाणी पिईपर्यंत तो वाजला.

"बोला गुरुजी," वहिनींनी हात पदराला पुसले. "गुडगा कसा हाय?... तेल लावलंव का मी सांगितलेलं?... नाय लावलं. मग दुखनारच. थांबा, आला. घ्या. चार... नऊ... एक... अवो एक! सात नाय, एक... शून्य... गेलं? गेलं का आत? बरं. जेवलाव का?"

तो ठेवला तर दुसरा. तो ठेवला तर तिसरा, तो माझ्याच शाळेतल्या जोडीदार शिक्षिकेचा. रविवारी कशाची एवढी घाई म्हणावं, तर सोमवारपर्यंत कसलीशी लिंक भरायची होती. वहिनी प्रत्येकाला आकड्यांच्या आधी एक आणि नंतर एक असं काहीतरी विचारायच्या. कुणाची सून बाळंत झाली, कुणाची बदली अडकली, कुणाच्या वर्गातली कुठली पोर परत शाळेत यायला लागली. केंद्राची सगळी खबर त्यांच्याकडे. म्हसे साहेबांच्या अहवालात नसते एवढी.

"तुला गंमत सांगू?" त्यांनी चष्मा लावून फोन माझ्यापुढे धरला. मेसेजवर मेसेज, खाली किती उतरलं तरी संपेनात. "बघ, प्रत्येकात वर काय लिवलंय."

मी वाचलं. प्रिय मिलिंद सोनावळे, आपला ओटीपी. प्रिय मिलिंद सोनावळे, आपला ओटीपी.

"दिवसातनं धा वेळा कोनीतरी त्यांना प्रिय म्हनतंय," वहिनी हसल्या. "मी संसार केला यवडा, पन मी कदी म्हनले नाय गं. म्हनलं असतं तर घाबरलेच असते, हिला झालं काय म्हनून."

मीही हसले. आणि मग मला कळेना, ज्यासाठी आले ते आता कुठून सुरू करू.

वहिनींनीच सुरू केलं. "कशाला आलीस ते सांग. तुझं त्वांड बघून वाटत नाय नुसती बसायला आलीस."

मी सांगितलं. जमेल तेवढं गोड करून सांगितलं. सिम सरांच्या नावावर आहे, कंपनी कधी बंद करेल नेम नाही, शाळांची कामं अडतील, प्रत्येकानं आपलं आपण शिकायला हवं. अभ्यासक्रम, पहिला तास, उद्दिष्ट. बोलता बोलता माझाच आवाज मला परिपत्रकासारखा ऐकू यायला लागला.

वहिनींनी सगळं ऐकून घेतलं. "म्हंजे सरांचं नाव काढायचं," म्हणाल्या.

"नाव नाही वहिनी, नंबर."

"येकच ते."

"तुमचाही त्रास वाचेल. पहाट नाही, दुपार नाही, कुणीही फोन करतं."

"मी कदी म्हनले तरास व्हतो म्हनून?"

वहिनी उठल्या, चहा टाकला, कपात गाळून माझ्यापुढे ठेवला. बिस्किटंही ठेवली. पण स्वतः समोर बसल्या नाहीत. अंगणात जाऊन मिरच्या उलट्या-पालट्या करत राहिल्या, आणि वाळलेल्या मिरच्याही पुन्हा उलटल्या.

त्या आठवड्यात वहिनींनी कुणाचा फोन टाळला नाही. आकडेही अचूक सांगितले. पण नुसते आकडे. पुढे मागे काही नाही. 'बोला' म्हणायच्या, आकडे सांगायच्या, ठेवायच्या. बँकेत फोन केल्यासारखं.

माझ्यावर केंद्रभरातून आग पाखडली गेली.

"काय बोललीस गं तू तिला?" भोईर गुरुजींनी मला वाटेत गाठलं. "आज दोनदा फोन झाला. एकदाही गुडघा विचारला नाही. मीच म्हटलं, वहिनी, दुखतोय हो. तर म्हणाल्या, डॉक्टरला दाखवा."

"गुरुजी, मी वाईट काही बोलले नाही."

"वाईट नसेल गं. खरं बोलली असशील."

समीक्षासुद्धा नरमली. "ताई, मला रोज विचारायच्या, आज काय भाजी केलीस. मला राग यायचा. म्हटलं, ह्यांना कशाला पंचाईत. आता कुणी विचारत नाही, तर भाजी करावीशी वाटत नाही."

मी तक्ता उघडला आणि पहिल्या तासाचा विषय उचलून सहाव्या तासात टाकला. सहावा तास एप्रिलमध्ये, परीक्षांच्या तोंडावर. तो होणारच नव्हता, हे मला आणि तक्त्याला दोघांनाही ठाऊक होतं. पहिल्या तासाला फोटो लहान करणं घेतलं. म्हसे साहेबांना पाठवलं. त्यांनी लगेच अंगठा पाठवला. खाली लिहिलं, 'उत्तम. एआय कुठे आहे?'

खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं. सिम बंद पडेल तेव्हा पडेल. तोवर चालू आहे ते चालू द्यावं. आमच्या खात्यात बऱ्याच गोष्टी ह्याच तत्त्वावर उभ्या आहेत आणि पडत नाहीत.

परिषदेचा दिवस उजाडला. कशेळ्याच्या शाळेत सतरंज्या घातल्या, टीव्ही लावला. मी भोईर गुरुजींचा मुलांबरोबरचा फोटो टीव्हीवर मोठा केला आणि आता तो लहान कसा करायचा ते सांगणार, तेवढ्यात दारात चपला काढल्याचा आवाज आला.

वहिनी. ठेवणीतली निळी साडी, गळ्यात ती पिशवी. म्हसे साहेब गडबडून उठले. "या या वहिनी, बसा," म्हणत त्यांनी स्वतःची खुर्ची पुढे केली. वहिनी बसल्या. गुरुजींच्या टीव्हीवरच्या अवाढव्य तोंडाकडे त्यांनी जरा वेळ बघितलं.

"पयला तास हाच का?" त्यांनी मला विचारलं.

"हो," मी म्हणाले.

"नंबराचा नाय?"

मी साहेबांकडे बघितलं. साहेबांनी तक्त्याकडे बघितलं. "तो सहाव्या तासाला आहे, वहिनी," ते म्हणाले.

"का? मला भ्याला काय समदे?"

भोईर गुरुजींनी खाकरून बघितलं.

"परवा कपिल आला व्हता," वहिनी सांगायला लागल्या. कुणा एकाला नाही, सतरंजीकडे बघत, सगळ्यांना. "आमचं खालच्या अंगाला थोडं शेत हाय. सरांच्या नावावर. सर गेले तवापासनं पोरगा मागं लागला व्हता, आये, तलाठ्याकडं जाऊ. मी जातच नव्हते. मला वाटायचं, गेलं की नाव काढत्यात. परवा नेलंच त्यानं मला. मी तलाठ्याला सांगितलं, भाऊ, काय करायचं ते कर, पन माझ्या मानसाचं नाव काढू नको. तर तो म्हनला, बाई, नुसतं नाव कोन काढतंय? आदी वारस लागतात. ज्याला वारस हाय त्याचं नाव पुसत नाय, त्याच्या खाली त्याची मानसं उभी राहतात. ज्याला कोन नाय त्याचंच रिकामं पडून राहतं."

त्या थांबल्या. पिशवीतून फोन काढला, पदरानं पुसला.

"मग मी घरी येऊन बसले आन् मनात म्हनले, शेताला मी न् कपिल हाव. पन ह्याला? हे तर सरांनी जल्मभर नांगरलं. ह्याला वारस कोन? कपिलला ह्यातलं काय कळत नाय. मला आकडे न् सरांचं नाव सोडून काय वाचता येत नाय धड. मग तुमीच की." त्यांनी आमच्यावरून नजर फिरवली. "उद्या कंपनीनं बंद केलं तर रिकामंच जायाचं ना हे? ते नको मला. लावून घ्या. आजच लावून घ्या, माझा इचार बदलायच्या आदी."

म्हसे साहेबांनी चष्मा काढून नाक पुसलं. त्यांना सर्दी झाली नव्हती.

समीक्षा पहिली उठली. वहिनींच्या पायाशी सतरंजीवरच बसली, फोनवर पोर्टल उघडलं, जुन्या नंबराच्या जागी आपलं नाव न् नंबर टाकला, आणि थांबली. वहिनींच्या हातातला फोन वाजला. 'टुंग' असा. त्यांनी चष्मा लावला, वरची ओळ बोटानं चाचपली, मनातल्या मनात वाचली, आणि मग आकडे मोठ्यानं वाचले. समीक्षानं ते टाकले. मग तिच्या स्वतःच्या फोनवर 'टुंग' झालं. तिनं बघितलं आणि आमच्याकडे वळून म्हणाली, "प्रिय समीक्षा." एवढी हुशार पोर, पण पुढचं तिला वाचता येईना.

"वाच की," वहिनी म्हणाल्या. "रडतेस काय? मुदत संपंल."

मग एकेक जण. वहिनींचा आवाज परत आला होता. कुणाला म्हणाल्या, "तुमी सर, सुनंला धाडलंव का तिच्या आयेकडं?" कुणाला म्हणाल्या, "बाई, त्वांड सुकलंय, सकाळपासनं काय खाल्लं नाय ना?" माझ्या तक्त्यात ह्या तासाला 'गटकार्य' असं लिहायला हवं होतं. तसं गटकार्य मी नोकरीत परत बघितलं नाही. भोईर गुरुजींच्या वेळी तर सगळी परिषद त्यांच्याभोवती गोळा झाली. त्यांनी तीनदा चूक आकडा टाकला, आणि तिन्ही वेळा वहिनींनी नव्यानं आलेला ओटीपी न कंटाळता वाचला. मला वाटतं गुरुजी दोनदा मुद्दाम चुकले.

शेवटी वहिनींनी विचारलं, "कोन राहिलं?"

"झालं सगळ्यांचं," मी म्हणाले.

"तुझी शाळा?"

"माझं मी नंतर करते, वहिनी. सावकाश."

वहिनींनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. त्यांच्यापुढे मला शाळेत परत बसल्यासारखं झालं. "लबाडी नको गं दर्शना. माझ्यासाटी येक ठिवतेस व्हय? नैवेद्य काढून ठिवल्यासारका?"

"तसं नाही."

"तसंच हाय. मास्तरीनच नापास व्हायची का? काड फोन."

मी काढला. नंबर टाकला. वहिनींनी आकडे वाचले, शेवटचा आकडा जरा थांबून वाचला, आणि माझं झालं. त्यांच्या फोनवर आणखी एक मेसेज आला. प्रिय मिलिंद सोनावळे, आपला मोबाईल क्रमांक बदलण्यात आला आहे. त्यांनी मला तो वाचायला लावला, दोनदा. मग फोन पिशवीत ठेवला.

चहा झाला. म्हसे साहेब मला खिडकीशी घेऊन गेले. "मॅडम, अहवालात पहिल्या तासाचा विषय काय लिहू? मोबाईल क्रमांक अद्ययावत करणे?"

"वहिनी काय म्हणाल्या ते लिहा."

"वारस नोंद? वरचे विचारतील हो, ही शिक्षण परिषद की तलाठी कार्यालय."

"विचारू दे."

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं आणि कागदावर तेच लिहिलं. त्यांच्या नोकरीतला तो सर्वांत धाडसी शब्द असावा.

मी वहिनींना स्कूटीवर घरी सोडलं. बाजारात भाजीवाल्या उठायच्या बेतात होत्या, वाडीवर जाणाऱ्या जीपा भरत होत्या. वहिनी मागे बसून एक हात माझ्या खांद्यावर आणि एक पिशवीवर ठेवून होत्या. गल्लीत शिरताना म्हणाल्या, "आज मेथी बरी दिसत व्हती." त्यापलीकडे काही नाही. घराशी उतरल्या. मिरच्या आत घेतल्या. मी ओटीवर टेकले, कारण निघवेना. दोघी बसलो. पिशवीतून काही आवाज नाही. एरवी ह्या वेळेला, शाळा सुटून मास्तर लोक घरी पोचले की, तीन-चार फोन होऊन गेले असते. वहिनींनी एकदा फोन काढून बघितला, बंद तर पडला नाही ना म्हणून, आणि परत ठेवला.

"सवय व्हईल," त्या म्हणाल्या. मला की स्वतःला ते समजलं नाही.

मी उठले, स्कूटीची किल्ली काढली. आणि फोन वाजला.

वहिनींनी इतक्या घाईनं काढला की पिशवीचा बंद चष्म्यात अडकला. "बोला," म्हणाल्या. मग त्यांची भिवई वर गेली. त्यांनी फोन स्पीकरवर टाकला, मला ऐकू यावं म्हणून.

"वहिनी," भोईर गुरुजी ओरडत होते, वाडीवरून खाली ऐकू जावं तसे. "मी पोर्टल उघडलं! ओटीपी माझ्याच मोबाईलवर आला!"

"मग झाक झालं की गुरुजी."

"झाक काय? आता मी काय करू?"

"काय करू म्हंजे? टाका की तो."

"अहो पण सांगायचा कुणाला?"

वहिनींनी माझ्याकडे बघितलं. त्यांचा खालचा ओठ हलायला लागला, रडण्यानं की हसण्यानं हे मला क्षणभर ओळखता आलं नाही.

"गुरुजी," त्या म्हणाल्या, "आता कुनाला सांगायचा नसतो तो. आपला आपन ठिवायचा."

"असं कसं? सांगितल्याशिवाय मला टाकता नाही यायचा. तुम्ही ऐका. पाच... दोन... ऐकताय ना?"

"ऐकतेय."

"पाच, दोन, आठ, आठ. बरोबर आहे का?"

"मला काय ठावं? माझ्याकडं कुटं आला?"

"तुम्ही नुसतं बरोबर म्हणा हो!"

"बरोबर हाय," वहिनी म्हणाल्या. "टाका आता."

गुरुजींचा श्वास ऐकू येत होता, एकेक आकडा दाबतानाचा. वहिनी फोन तोंडाशी धरून वाट बघत राहिल्या. मग पलीकडून विजयाची आरोळी आली. "गेलं! आत गेलं वहिनी!"

"शाबास," वहिनी म्हणाल्या. "आन् त्या गुडग्याचं काय?"

मी स्कूटी सुरू केली. गुरुजींचा गुडघा पाच मिनिटांत आटोपणारा नव्हता.